गळा मुलाचा, हौस कोणाची?

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे चर्चच्या दारात भाविकांशी बोलत उभे होतो. गर्दी ओसरली तरी बदलापूरहून येणारे एक गृहस्थ घुटमळत राहिले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. हा मुलगा आमच्या बालगायनवृंदात गातो आणि खरोखरच गोड गातो. गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढून त्यावरील एक अर्ज आम्हांला दाखवला. दूरचित्रवाणीवरील लहान मुलांच्या गायनस्पर्धेचा तो प्रवेश अर्ज होता. "फादर, भरून टाकू ना? तुमचा आशीर्वाद असला की झालं," ते म्हणाले.

आशीर्वाद मागणाऱ्याला ताटकळत ठेवण्याचा आमचा स्वभाव नाही. तरीही त्या दिवशी आम्ही म्हणालो, "आठ दिवस द्या." ते किंचित हिरमुसले. त्या आठ दिवसांत आम्ही या प्रश्नाचा जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. कारण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. दूरचित्रवाणीवर बोटे मोडणाऱ्या धर्मगुरूंपैकी आम्ही नाही. २००८-०९ साली झी मराठी वाहिनीवर 'सा रे ग म प'चे 'लिटल चॅम्प्स' हे पर्व चालू होते, तेव्हा कार्यक्रमाच्या रात्री धर्मग्रामाची सभा ठेवण्याचे धाडस आम्ही कधी केले नाही. सभेला कोणी आले नसते आणि खरे सांगायचे तर आम्हीही गेलो नसतो. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले महाराष्ट्रातील घराघरांत आपलीच झाली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली. पुढे ही पाचही मुले संगीतातच रमली. २०२१ साली त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वात ती परीक्षण करणाऱ्यांच्या आसनांवर बसली. प्रथमेश आणि मुग्धा तर २०२३ साली विवाहबद्ध झाले. तेव्हा अशा स्पर्धा मुलांचे वाटोळेच करतात असे सरसकट विधान कोणी केले, तर ही पाच उदाहरणे त्याला खोटे पाडतील.

परंतु येथेच एक सावधगिरी बाळगावयास हवी. या पाच जणांची कहाणी आपल्याला ठाऊक आहे, ती ते शेवटपर्यंत टिकले म्हणून. पहाटेपासून रांगेत उभी राहिलेली, पहिल्या चाचणीतून परतलेली, तिसऱ्या आठवड्यात निरोप घेतलेली जी असंख्य मुले आहेत, त्यांची कहाणी कोणी सांगत नाही. धर्मगुरूला मात्र ती कधीकधी ऐकावी लागते, कारण ती मुले रविवारी त्याच्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात.

आपल्या पट्ट्यातील माणसाला या स्पर्धांची ओढ का वाटते, हेही सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. उल्हासनगर हे मुळात निर्वासितांचे गाव. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीला नगराचे नाव मिळाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतो. अंबरनाथला आयुधनिर्माणी, काड्यापेटीचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत यांनी माणसे आणली. मुंबईतील जागा परवडेनाशा झाल्या तेव्हा लोकलचा मार्ग धरून कुटुंबे बदलापूरपर्यंत सरकली. आमच्या धर्मग्रामांतील घरेही अशीच जमली आहेत. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी अहमदनगर-जालन्याकडचे, कोणी मंगळूरचे. येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे नाहीत की नावाला वजन देणारी घराणी नाहीत. पहाटेची लोकल पकडून जाणारा आणि रात्री लोंबकळत परतणारा बाप स्वतःसाठी कसली कीर्ती मिळवणार? मग त्याला वाटते, निदान लेकराचे तरी नाव व्हावे. या वाटण्यात पाप नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला आपले मूल सर्वांनी ओळखावे असे वाटणे, हे आईबापाच्या प्रेमाचेच एक रूप आहे.

उल्हासनगरच्या मालाविषयी एक जुना विनोद आहे. तेथे तयार झालेल्या वस्तूवर 'मेड इन यूएसए' असे छापलेले असे आणि विचारले तर सांगत, यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! हा विनोद सांगताना सिंधी बांधव स्वतःच मोठ्याने हसतात, कारण त्यामागे शून्यातून उभे राहिलेल्या माणसाची जिद्द आहे. कापडावर कोणते लेबल शिवावे हा व्यापाराचा प्रश्न आहे. परंतु लेकराच्या छातीवर क्रमांकाचे लेबल लावून त्याला बाजारात उभे करताना हात थोडा थांबला पाहिजे.

आमचा स्वतःचा हात थांबला नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१७ सालची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक नऊ वर्षांची मुलगी अशाच एका स्पर्धेसाठी निवडली गेली. वडील औद्योगिक वसाहतीत कामाला, आई उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्याचे शिवणकाम घरी आणून करणारी. चित्रीकरणाच्या दिवशी मायलेकी पहाटेच्या लोकलने अंबरनाथहून निघत, दादरला गाडी बदलून पश्चिम उपनगरात जात आणि मध्यरात्रीनंतर परतत. आम्हांला कोण अभिमान वाटला! मिस्साअखेरीच्या सूचनांमध्ये आम्ही वेदीवरून तिचे नाव घेतले, मत कसे पाठवायचे ते समजावून सांगितले आणि प्रत्येक घरातून निदान दहा मते जावीत असे बजावले. युवकांनी चर्चच्या फाटकावर तिच्या छायाचित्राचा फलक लावला.

चौथ्या आठवड्यात ती बाद झाली. त्या भागात एका परीक्षकाने तिच्या उच्चारांवर विनोद केला. प्रेक्षक हसले, सर्वांबरोबर तीही हसली. मग निकाल सांगण्यापूर्वी दिवे मंद झाले, ढोल घुमू लागला आणि नऊ वर्षांचे ते मूल कितीतरी वेळ तसेच उभे ठेवण्यात आले. नाव पुकारले गेले तेव्हा कॅमेरा तिच्यावर नव्हता, तिच्या आईच्या डोळ्यांवर होता.

पुढच्या रविवारी सारे धर्मग्राम तिच्याभोवती जमले. "पुढच्या वेळी नक्की हं," "परीक्षकांना काय कळतं?", "आमच्यासाठी तूच पहिली" असे जो तो म्हणत होता. प्रत्येकाच्या बोलण्यात माया होती आणि प्रत्येक वाक्याने तिला तिच्या पराभवाची आठवण करून दिली जात होती. दुपारी ती एकटीच आमच्या कचेरीच्या दारात आली आणि म्हणाली, "फादर, माझ्यामुळे सगळ्यांचे मतांचे पैसे वाया गेले ना?"

आम्ही तिची समजूत काढली. पण काय बोललो ते आज आठवत नाही. तिचा प्रश्न तेवढा आठवतो. हळूहळू तिने गायनवृंदात येणे सोडले. आता ती मोठी झाली आहे. ती गाते की नाही, हे आम्ही तिला कधी विचारलेले नाही. तो अधिकार आम्ही त्या वेदीवरच गमावला. त्या वाहिनीला आम्ही दोष देत नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर साऱ्या धर्मग्रामाचा लौकिक ठेवला, तो आम्ही.

येथे कोणी विचारील, मग स्पर्धाच वाईट काय? शाळेत वक्तृत्वस्पर्धा असते, मैदानावर धावण्याची शर्यत असते. आपल्या धर्मग्रामांतही बायबल प्रश्नमंजूषा आणि नाताळगीतांच्या स्पर्धा होतात. त्यांत कोणी हरतेच. हरणे शिकणे हाही शिक्षणाचा भाग आहे. हे सारे आम्हांला मान्य आहे. परंतु शाळेच्या शर्यतीत मागे पडलेले मूल संध्याकाळी त्याच मैत्रिणींबरोबर लगोरी खेळते आणि चार दिवसांत शर्यत विसरते. दूरचित्रवाणीवरील हार विसरता येत नाही. ती ध्वनिचित्रमुद्रित असते, पुन्हा पुन्हा दाखवली जाते आणि हल्ली तर कोणाच्याही मोबाइलवर वर्षानुवर्षे पडून राहते. दुसरे असे की, शाळेत हार हा स्पर्धेचा अपरिहार्य शेष असतो. येथे तीच कार्यक्रमाचा कळस असते. शाळेतील गुरुजी रडणाऱ्या मुलाला बाजूला नेतात. येथे त्याला प्रकाशात आणतात. मुलाचे रडणे हेच जेथे पाहण्यासारखे ठरते, तेथे मूल गायला आले होते हे सारे विसरून गेलेले असतात.

२००८ साली कोलकात्यातील एका शाळकरी मुलीचे वृत्त देशभर गाजले होते. दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी कठोर शब्दांत सुनावल्यानंतर आपली मुलगी खचली, तिचे बोलणे व हालचाल बंद पडली, असे तिच्या आईवडिलांनी सांगितले; उपचारासाठी तिला बंगळुरूला न्यावे लागले. आजाराचे कारण तेवढेच होते काय, हे ठरवणे आमचे काम नाही. परंतु एका मुलीचे परीक्षण साऱ्या देशाला दिसेल अशा रीतीने करण्याचा अधिकार मोठ्या माणसांना कोणी दिला, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो अजून मिटलेला नाही. २०१७ साली चित्रपट दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांच्या अशा स्पर्धा बंद कराव्यात असे जाहीर आवाहन केले. २०१९ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचनापत्र पाठवून, नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या हावभावांत दाखवू नये असे बजावले.

आमच्या भाविकांकडून येणारा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र शुभवर्तमानातूनच येतो. ते म्हणतात, "फादर, धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला काय शासन झालं, ते तुम्हीच सांगता ना? मग देवानं गळा दिलाय तो पुरून ठेवायचा?" संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तो दाखला आम्ही या निमित्ताने पुन्हा वाचला. त्यातील तीन गोष्टी आजवर आमच्याही नजरेतून सुटल्या होत्या. धन्याने प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे दिले. एकाची दुसऱ्याशी तुलना केली नाही. तो हिशेब मागण्यासाठी दीर्घ काळानंतर परत आला. दर आठवड्याला नव्हे. आणि हिशेब त्याने स्वतः घेतला; शेजारपाजाऱ्यांचा कौल मागवला नाही. देणगी वाढवण्याचे कर्तव्य आहेच. पण वाढायला वेळ लागतो आणि पेरलेले बी रोज उकरून पाहिले तर ते उगवत नाही.

आपल्या संगीताच्या इतिहासातही याची साक्ष आहे. शिवपुत्र कोमकाळीमठ हे अलौकिक मूल. लहानपणीच ते मोठमोठ्या गवयांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करी आणि त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. गावोगाव त्याचे जलसे झाले. परंतु पुढे अकरा-बारा वर्षांच्या वयात त्याला मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधर यांच्याकडे ठेवण्यात आले आणि तेथे वर्षानुवर्षे शिकून तो मुलगा स्वतःचे गाणे गाऊ लागला. आज आपण ज्या कुमारांना मानतो, ते त्या शिकण्यातून घडलेले आहेत. लता मंगेशकर यांच्यावर १९४२ साली वडिलांच्या निधनानंतर वयाच्या तेराव्या वर्षी चित्रपटात काम करण्याची वेळ आली. परंतु ती घर चालवण्याची निकड होती. निकडीपोटी मुलाने कष्ट करणे हे दुःख आहे. हौसेपोटी ते करवणे याला दुसरे नाव शोधावे लागेल.

कीर्तीच्या इच्छेविषयी संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात केलेले विवेचन आम्ही गुरुविद्यालयात शिकलो होतो. त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी झाला. कीर्तीची इच्छा मुळात वाईट नाही, असे ते मानतात. ती तीन प्रकारे पोकळ ठरते. ज्या गोष्टीसाठी कीर्ती हवी, तीच क्षुल्लक असली तर. ज्यांच्याकडून कीर्ती हवी, त्यांचा निर्णय भरवशाचा नसला तर. आणि ती कीर्ती देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या कल्याणाकडे वळवली नाही तर. ही कसोटी आपण लावून पाहू. गाणे क्षुल्लक नाही. पहिल्या कसोटीला ते उतरते. दुसरीला मात्र अडचण येते. आपल्या जिल्ह्याचे मूल म्हणून मत देणारे आम्ही, गाणे न ऐकताच दहा दहा मते पाठवणारे आम्ही. आमचा निर्णय कसला भरवशाचा? आणि तिसरी कसोटी तर मुलाला लावताच येत नाही, कारण कीर्ती हवी असते ती बहुधा त्याला नव्हे. मुलाला गायला हवे असते आणि आईबाबा खूश झालेले पाहायला हवे असतात. कीर्ती आपल्याला हवी असते.

याच ठिकाणी संत मार्कच्या शुभवर्तमानातील दोन मुली आम्हांला आठवल्या. त्यांची गोष्ट पाचव्या व सहाव्या अध्यायांत, अगदी लागून येते. एक याईरची बारा वर्षांची मुलगी. दुसरी हेरोदियाची मुलगी, जी राजाच्या वाढदिवशी नाचली. चित्रकारांनी या दुसरीला मादक तरुणी करून टाकले आहे. परंतु मूळ ग्रीक भाषेत संत मार्कने दोघींसाठी एकच शब्द वापरला आहे, 'कोरासिओन', म्हणजे छोटी मुलगी.

दुसरीची गोष्ट पाहा. दालन पाहुण्यांनी भरलेले आहे. मूल नाचते, सारे खूश होतात आणि राजा बक्षीस जाहीर करतो, अगदी अर्ध्या राज्यापर्यंत. आपल्याला काय हवे, हे त्या मुलीला ठाऊक नाही. ती बाहेर जाऊन आईला विचारते. आई स्वतःच्या मनातले सांगते. मग योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात येते. शिपाई ते मुलीच्या हाती देतो आणि मुलगी ते आईच्या हाती देते. नाच मुलीचा, बक्षीस आईचे आणि ते वाहून नेणारे हात पुन्हा मुलीचेच. इतके सारे घडत असताना, "तू दमलीस का?" असे त्या दालनात तिला कोणी विचारल्याचा उल्लेख नाही.

आता पहिलीकडे वळू. याईरच्या घरीही गर्दी जमलेली आहे, गलबला चालला आहे, लोक हसतही आहेत. प्रभू येशू प्रथम काय करतो? तो सर्वांना बाहेर घालवतो. मुलीपाशी आईवडील आणि त्याचे तीन सोबती एवढेच राहतात. तो तिचा हात धरतो व तिला उठवतो. एवढा मोठा चमत्कार झाला, पण तो कोणाला कळू देऊ नये अशी सक्त ताकीद देतो. आणि शेवटी आईवडिलांना एक साधी गोष्ट सांगतो: हिला काहीतरी खायला द्या. मरणाच्या दारातून परत आलेल्या मुलीला प्रभूने लोकांपुढे उभे केले नाही. तिला भूक लागली असेल, याची त्याला आठवण राहिली.

मूल कोणत्या दालनात उभे आहे, हे ओळखण्याची याहून सोपी खूण आम्हांला सापडली नाही.

कायद्यानेही या बाबतीत काही कुंपण घातले आहे. ते पालकांनी जाणून घ्यावे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना कलावंत म्हणून काम करण्यास मोकळीक देण्यात आली. मात्र २०१७ च्या नियमांनी तिला अटी जोडल्या. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतली पाहिजे. मुलाचे काम दिवसाला पाच तासांहून अधिक नसावे आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नसावे. सलग २७ दिवसांहून अधिक काळ काम करून घेऊ नये. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमावी. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेऊ नये. अर्ज भरणाऱ्या किती पालकांनी या परवानगीची प्रत मागितली असेल? मागून पाहावी. जो निर्माता प्रामाणिक असेल, तो ती आनंदाने दाखवील.

परंतु यातील शेवटची अट कोणताही अधिकारी तपासू शकत नाही. बाबांनी रजा काढली आहे, आईने कपडे शिवले आहेत, शेजाऱ्यांनी फलक लावला आहे, फादरनी वेदीवरून नाव घेतले आहे. आता आठ वर्षांचे मूल 'मला जायचे नाही' असे कोणत्या तोंडाने म्हणेल? त्याची संमती खरी असते, पण ती आपल्यावरच्या प्रेमाची संमती असते. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईबापांना मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक म्हटले, त्याचा एक अर्थ आम्ही असा घेतो की, ज्या 'नाही'साठी मुलाजवळ शब्द नाहीत, तो त्याच्या वतीने आईबापांनी उच्चारावा.

हे लिहिताना आम्ही परमेश्वराच्या मंदिराला या दोषातून वगळत नाही. एके काळी युरोपात, आणि खुद्द रोममधील सिस्टाईन गायनवृंदातही, मुलाचा कोवळा आवाज कायम टिकावा म्हणून लहानपणीच ज्यांच्या देहाला इजा केली गेली, अशा गायकांना मानाचे स्थान होते. ऐकणाऱ्यांचे डोळे त्या स्वरांनी भरून येत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही प्रथा कायमची संपली. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयीच्या आदेशात उच्च स्वर मुलांनीच गावेत असे ठरवून दिले. मुलापेक्षा मुलाच्या आवाजावर अधिक प्रेम करण्याची चूक भक्तीच्या नावानेही होऊ शकते, हे आपण विसरू नये. तेव्हा दूरचित्रवाणीकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, ते पाहिलेले बरे.

तर मग आमचे उत्तर काय? मुलाने गावे. घरात गावे, शाळेत गावे, मिस्सामध्ये गावे, नाताळात घरोघरी जाऊन गावे, चांगल्या गुरूकडे शिकून गावे. दूरचित्रवाणीवर एखाद्या कार्यक्रमात गाऊन ते आनंदाने घरी येणार असेल, तर त्यालाही आमची हरकत नाही. परंतु जेथे दर आठवड्याला एकेक मूल बाद करून सर्वांसमोर घालवले जाते, तेथे चौदा वर्षांखालील मुलाला पाठवू नये, असे आमचे विचारपूर्वक बनलेले मत आहे. ज्यांना हे मत पटणार नाही, त्यांनी निदान स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे मूल उद्याच्या फेरीतच बाद झाले, तर घरी येताना लोकलमध्ये आपला चेहरा कसा असेल? त्याचे गाणे आपल्याखेरीज कोणीच ऐकणार नसेल, तर त्याची शिकवणी आपण चालू ठेवू काय? आणि ते मधेच 'पुरे' म्हणाले, तर त्याच दिवशी त्याला घरी आणण्याची आपली तयारी आहे काय? या तिन्ही प्रश्नांना जे आईबाप मनापासून उत्तर देऊ शकतील, त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही.

आणि धर्मग्रामाचेही एक कर्तव्य आहे. कोणाचे मूल अशा स्पर्धेतून परत आले, तर त्याचे सांत्वन करायला गर्दी करू नये. त्याला नेहमीच्या ओळीत, नेहमीच्या जागी उभे करावे आणि नेहमीचेच गीत गाऊ द्यावे. वेदीवरून मतांचे आवाहन आमच्या धर्मग्रामात यापुढे होणार नाही.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी ते गृहस्थ आले. वर लिहिलेले सारे आम्ही त्यांना थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना ते सर्व पटले असे आम्ही म्हणणार नाही. "पण फादर, संधी पुन्हा येत नाही," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, "लहानपणही पुन्हा येत नाही." मग त्यांनी, बहुधा पहिल्यांदाच, मुलाकडे वळून विचारले, "तुला काय वाटतं रे? जायचं का?"

मुलाने बाबांच्या तोंडाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. कोणते उत्तर दिले म्हणजे दोघेही खूश होतील, याचा तो अंदाज घेत होता, हे आम्हांला स्पष्ट दिसले. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, मला भूक लागलीय."

गृहस्थ हसले, आम्हीही हसलो. अर्जाचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. मुलाचा हात धरून ते फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीकडे गेले, एवढे मात्र आम्ही पाहिले.